गच्चीवर शेड टाकल्यानंतर पश्चिमेची भिंत ओली का झाली?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजला आहे का हे तुम्हाला कळेल आणि वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. कांदिवलीतली तळमजला अधिक सहा मजल्यांची, 1994 साली बांधलेली इमारत. वरच्या मजल्यावरची छतं गळायची म्हणून सोसायटीने दोन वर्षांपूर्वी संपूर्ण गच्चीवर पत्र्याची शेड टाकली. छतांची गळती थांबली. पण त्यानंतरच्या पावसाळ्यापासून पश्चिमेकडच्या फ्लॅटच्या बाहेरच्या भिंती सहाव्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत ओल धरू लागल्या आणि तळमजल्यावरच्या दोन घरांत भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, आला. कॉन्ट्रॅक्टरने संपूर्ण पश्चिम भिंतीला वॉटरप्रूफ कोटिंग सुचवलं आहे. कमिटीतले काही जण ते लगेच करू म्हणतात. काहींच्या मते शेडचा आणि भिंतींचा काही संबंध नाही, प्रत्येकाने आपापलं घर बघावं. तुम्ही विचारता, कोटिंग करावं का?

तुमच्या प्रश्नातल्या ज्या दोन गोष्टी तुम्ही ओझरत्या लिहिल्या आहेत, त्याच मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या. शेड साधारण 24 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद आहे, आणि तिचा सगळा उतार पश्चिमेकडे आहे. त्या बाजूला खाली जाणारे चार इंची पाइप दोनच आहेत. बाकीचे चार पाइप पूर्वेला आणि उत्तर-दक्षिणेच्या कोपऱ्यांत आहेत, आणि शेड झाल्यापासून त्यांत पाणी उतरत नाही.

माझं उत्तर असं: कोटिंगचा निर्णय आत्ता घेऊ नका. शेडवर पडलेलं पाणी पन्हळीतून पाइपात, पाइपातून जमिनीवर आणि जमिनीवरून गेटबाहेरच्या गटारापर्यंत कुठेही न सांडता जातं का, ते आधी पाहा. शेडने पाऊस छतावरून हटवला, पण तो सगळा एका भिंतीच्या माथ्यावर आणून सोडला, असा माझा दाट संशय आहे. तसं असेल तर भिंतीला कितीही चांगलं कोटिंग केलं तरी तीन-चार पावसाळ्यांत तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल.

संशयामागचा हिशेब कागदावर कोणालाही करता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमची शेड 288 चौरस मीटर आहे, म्हणजे दर मिलिमीटर पावसाला 288 लिटर. मुंबईत जुलैमध्ये ताशी 100 मिलिमीटर वेगाची सर पंधरा-वीस मिनिटं कोसळणं काही नवलाचं नाही. त्या वेगाने शेडवरून मिनिटाला 480 लिटर पाणी उतरतं. तीच सर तासभर टिकली तर 28,800 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तसल्या दिवसासाठी पाइप मोजायची गरज नाही. मोजायचे ते दर वर्षी येणाऱ्या या छोट्या, जोरदार सरींसाठी, कारण पन्हळ भरून वाहते ती तेव्हाच. दिवसभराच्या रिपरिपीत तिला काही होत नाही.

आता पाइपांचं बघू. राष्ट्रीय इमारत संहितेतल्या तक्त्याप्रमाणे ताशी 100 मिलिमीटर पाऊस धरला तर 100 मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे आपला चार इंची पाइप साधारण 43 चौरस मीटर छताला पुरतो. दोन पाइप म्हणजे 86 चौरस मीटर. तुमचं छत 288. तक्त्यातला आकडा मुद्दाम हात राखून दिलेला असतो, तोंडाशी पाणी साठलं की पाइप त्याहून जास्त ओढतो, हे मान्य. पण तिपटीहून जास्त तफावत तेवढ्याने भरून निघत नाही. शेड नव्हती तेव्हा गच्चीचा उतार सहाही पाइपांकडे वाटलेला होता. तेव्हाही हिशेब काठावरचाच होता, पण गच्चीवर पाणी थोडा वेळ साठून सावकाश उतरायचं आणि पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, त्याला आत धरून ठेवायचा. पत्र्यावर पाणी थांबत नाही. ते वेगाने येतं आणि पन्हळ भरली की बाहेर पडतं.

बाहेर म्हणजे कुठे, हे मात्र शेडची कडा पॅरापेटच्या आत संपते की बाहेर, यावर अवलंबून आहे. तुमच्या फोटोत ते दिसत नाही. कडा आत संपत असेल तर पाणी पॅरापेटच्या माथ्यावर आणि गच्चीच्या पश्चिम पट्ट्यावर पडत असेल. बाहेर असेल तर थेट भिंतीवरून वाहत असेल. दोन्हीकडे वारा त्याला मदत करतो. आपला पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे मुंबईत पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती एरवीही जास्त भिजतात. त्यावर वरून सांडणारं पाणी आलं की जो तडा साध्या पावसात पाणी घेत नव्हता तोही घेऊ लागतो. गिरगावातल्या जुन्या कौलारू चाळींकडे एकदा नीट पाहा. उतरतं छप्पर, बाहेर आलेली वळचण आणि तिच्याखाली लाकडी गॅलरी. पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. आपण सपाट गच्च्या बांधायला लागलो आणि भिंतीवरची ती सावली गेली. आता पुन्हा उतरतं छप्पर टाकतो, पण वळचण बाहेर काढत नाही.

पण हा अजून संशयच आहे, आणि ओल म्हटली की एकच कारण क्वचित असतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधी जुलै-ऑगस्टचा उपयोग करून घ्या. दुरुस्ती कोरड्या दिवसांत होते, निदान मात्र पावसातच होतं.

पहिलं काम म्हणजे नोंद. ज्या घरांत ओल आहे त्यांनी एका वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: पाऊस कधी सुरू झाला आणि डाग कधी ओला झाला किंवा वाढला. जोरदार सरीनंतर तास-अर्ध्या तासात ओल उमटत असेल तर पाण्याला सरळ वाट आहे: तडा, खिडकीची चौकट किंवा पाइपाचा सांधा. एक-दोन दिवसांनी उमटत असेल आणि पाऊस थांबल्यावरही आठवडाभर वाळत नसेल तर कुठेतरी पाणी साठून राहिलं आहे. गच्चीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, आतून स्पंजसारखा भरतो आणि सावकाश सोडत राहतो. आणि पाऊस असो नसो ओल सारखीच असेल तर ती पावसाची नाहीच. तो वरच्या घराच्या बाथरूमचा किंवा नळाच्या लाइनचा प्रश्न आहे, आणि त्याला गच्चीवर कितीही काम केलं तरी फरक पडणार नाही.

दुसरं, पुढच्या मोठ्या सरीत एका माणसाने समोरच्या बाजूला आडोशाला उभं राहून पश्चिमेच्या संपूर्ण भिंतीचा मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. सर सुरू झाल्यापासून पंधरा-वीस मिनिटं, मधेमधे. पन्हळीच्या कोणत्या जागेवरून पाणी सांडतं, भिंतीवर पाण्याचा पडदा कुठून सुरू होतो, पाइपाच्या कोणत्या सांध्यातून फवारा उडतो, हे सगळं त्यात दिसतं. कमिटीतला वाद मिटवायला असा एक व्हिडिओ माझ्या लांबलचक रिपोर्टपेक्षा जास्त कामाला येतो. मात्र विजा चमकत असताना कोणालाही शेडखाली किंवा गच्चीच्या कडेला पाठवू नका. वॉचमनला पॅरापेटवर चढवून पन्हळ साफ करायला लावणं तर कधीच नको.

तिसरी चाचणी उघडीप मिळाली की करा. संशयित भिंतीवर नळीने पाणी मारायचं, पण खालून सुरुवात करून वर जायचं. आधी खालच्या खिडकीखाली वीस-पंचवीस मिनिटं, मग खिडकीच्या बाजूला, मग छज्ज्यावर, मग बीमच्या रेषेवर. आत कोणीतरी बघत बसायचं. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळत सगळीकडे जातं आणि नेमकं कुठून आत शिरलं ते कळत नाही. बाहेरून हे काम दोरीवर लटकून होतं, तेव्हा सेफ्टी बेल्ट आणि वेगळी सुरक्षा दोरी असलेलेच लोक बोलवा.

एक बाब लोक विसरतात. पावसाळ्यात मुंबईची हवाच इतकी दमट असते की बंद खोलीत, कपाटामागे, उत्तरेच्या भिंतीवर नुसत्या हवेतल्या बाष्पाने बुरशी येते. शेजारच्या फ्लॅटमध्ये दिवसरात्र एसी चालू असेल तर मधली भिंत थंड होते आणि तुमच्या बाजूला तिच्यावर दव धरतं. हे ओळखायला सोपा उपाय आहे. भिंतीचा तेवढा भाग पंख्याने कोरडा करून फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने पक्कं चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या अंगाला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या, खोलीकडच्या अंगाला जमलं तर ती हवेतून आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या घरात फक्त कपाटामागे डाग आहे असं तुम्ही लिहिलं आहे, तिथे हे आधी करा. त्या घराचा प्रश्न कदाचित इतरांपेक्षा वेगळा निघेल.

आता समजा व्हिडिओत पन्हळ सांडताना दिसली. मग उपाय तीन प्रकारचे आहेत, आणि कोणता योग्य हे शेडच्या सांगाड्यावर ठरेल.

सांगाडा बदलता येण्यासारखा असेल तर मधे मोभ घेऊन अर्धा उतार पूर्वेला न्या. दोन्हीकडे 144 चौरस मीटर येईल आणि पूर्वेचे पाइप पुन्हा कामाला लागतील. पण हा खर्चिक मार्ग आहे आणि वाऱ्याचा जोर नव्याने तपासावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे पश्चिमेलाच नवे पाइप. सहा इंची पाइप चार इंचीच्या दुपटीहून जास्त पाणी नेतो, त्यामुळे असे दोन वाढवले तर हिशेब बसतो. तिसरा, आणि मला तुमच्या इमारतीसाठी सगळ्यात पटणारा मार्ग म्हणजे पश्चिमेची पन्हळ दोन्ही टोकांना उत्तर-दक्षिणेकडे वळवून कोपऱ्यांतल्या बेकार पडलेल्या पाइपांना जोडायची आणि मध्यावर एक नवा सहा इंची पाइप टाकायचा. आहेत ते पाइप वापरात येतात आणि भिंतीवर नवं काम कमीत कमी होतं. त्याआधी ते कोपऱ्यांतले पाइप वरून पाणी सोडून तपासा. दोन वर्षं कोरड्या पडलेल्या पाइपात कबुतरांनी घरटी केलेली असतात.

पन्हळीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण काम बिघडतं ते इथेच. पन्हळ सपाट बसवली जाते, कारण सपाट बसवणं सोपं आणि दिसायला नीटस. तिला मीटरला निदान 5 मिलिमीटर उतार हवा, म्हणजे 12 मीटरमागे 60 मिलिमीटर. पत्र्याचं टोक पन्हळीच्या आत दोन-अडीच इंच यायला हवं. ते पन्हळीच्या मध्यापलीकडे गेलं तर जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडून पलीकडे उडी मारतं, आणि पन्हळ रिकामी दिसत असूनही भिंत भिजते. पाइपाच्या तोंडावर सपाट जाळी बसवू नका, उभट घुमटाची बसवा. सपाट जाळीवर दोन पिंपळपानं आणि एक प्लास्टिकची पिशवी पुरते. आणि पन्हळीच्या टोकाला, कडेपेक्षा इंचभर खाली, भिंतीपासून फूटभर बाहेर येणारं एक जादा तोंड ठेवा. पाइप तुंबला तर पाणी तिथून लांब कंपाउंडमध्ये पडेल, सगळ्यांना दिसेल, आणि त्याच दिवशी कोणीतरी वर जाईल. असं तोंड नसलेल्या उघड्या गच्च्यांवर तर धोका मोठा असतो. 288 चौरस मीटरवर नुसतं वीतभर, म्हणजे सुमारे 20 सेंटिमीटर पाणी तुंबलं तरी 57 टनांहून जास्त वजन स्लॅबवर येतं.

पाइप भिंतीला चिकटवून बसवायचे नाहीत. दोन इंच अंतर सोडणारे क्लॅम्प वापरा. जुन्या बिडाच्या पाइपाची मागची बाजू कधीच रंगवली जात नाही, ती गंजते, चिरते आणि पाणी गुपचूप भिंतीत सोडते. समोरून पाइप ठणठणीत दिसतो. तुमच्या पश्चिमेच्या दोन पाइपांना हात घालून, शक्य तिथे आरसा लावून मागून पाहा. सांध्यांत पिंपळ उगवला असेल तर नुसता तोडू नका, तो दुप्पट जोमाने फुटतो. मूळ काढून, ती जागा उघडून पुन्हा भरावी लागते.

शेडखालच्या गच्चीकडे दुर्लक्ष करू नका. शेड म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. पश्चिमेच्या पट्ट्यात पाणी पडत असेल तर कोबा तेवढाच भिजत राहतो आणि तिथून पॅरापेटच्या मुळाशी, बाहेरच्या भिंतीत उतरतो. पॅरापेट आणि गच्ची जिथे मिळतात तिथली गोलाई फुटली आहे का, पॅरापेटच्या माथ्याला आतल्या बाजूला उतार आहे का, हे बघा. माथ्याचा उतार बाहेर असेल तर त्यावरचं सगळं पाणी भिंतीवर जातं. फुटलेला कोबा काढल्याशिवाय वर दुसरा कोबा टाकायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. साडेचार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला 200 किलोच्या घरात असतं, म्हणजे तुमच्या गच्चीवर 57 टनांच्या आसपास नवं ओझं. आणि शेडच्या बाजू पत्रे लावून बंद करू नका. महापालिकेच्या परवानगीचा प्रश्न येतोच, शिवाय वारा खेळला नाही तर खालचा कोबा कधीच वाळत नाही.

भिंतीचा विषय शेवटी ठेवला, कारण तो शेवटी करायचा आहे. पन्हळ आणि पाइप नीट झाल्यावर कदाचित अर्ध्या घरांची ओल आपोआप जाईल. उरलेल्या ठिकाणी बीम आणि विटांच्या भिंतीचा आडवा सांधा तपासा. काँक्रीट आणि वीट उन्हात वेगवेगळी हलतात म्हणून तिथे तडा येतोच. तो उघडून, लवचिक भरण करून, वर जाळी ठेवून प्लास्टर करायला हवं. नुसतं पुट्टी भरून रंग मारला तर पुढच्या मे महिन्यातल्या उन्हात तो पुन्हा उघडतो. खिडक्यांवर रहिवाशांनी आपापले पत्रे लावले आहेत असं तुमच्या फोटोत दिसतं. त्यांचे स्क्रू भिंतीत जातात, आणि पत्र्याचा उतार थोडा जरी भिंतीकडे असला तरी पाणी त्या भोकांत शिरतं. छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच नसेल तर पाणी छज्ज्याखालून मागे सरकत भिंतीपर्यंत येतं. ही कामं छोटी आहेत, पण माझ्या अनुभवात मोठ्या कोटिंगपेक्षा जास्त घरं यांनीच कोरडी होतात.

हे सगळं झाल्यावर कोटिंग हवंच असं ठरलं तर करा, पण भिंत वाळल्यावर, दिवाळीनंतर, आणि आतली वाफ बाहेर जाऊ देणारं. ओल्या भिंतीवर जाड रबरी थर दिला तर पाणी आत अडकतं, वर फुगे येतात आणि ओल खोलीच्या बाजूला ढकलली जाते. आतून प्लायवूडचं पॅनेल, टाइल किंवा वॉलपेपर लावून डाग झाकणंही तसंच. तोवर कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, पोपडे खरवडून भिंत उघडी राहू द्या.

एक लक्षण मात्र दिसलं तर वरचा सगळा क्रम बाजूला ठेवा. कॉलम किंवा बीमच्या कडेने सरळ रेषेत तडा, ठोकल्यावर पोकळ आवाज, तपकिरी गंजाचे ओघळ, उघडी पडलेली सळई किंवा छताचं गळून पडलेलं प्लास्टर. गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, तो आतून काँक्रीट फोडतो, आणि कांदिवलीसारख्या खाडीजवळच्या भागात खारी हवा त्याला जोर देते. अशा ठिकाणी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, गरज असेल तर टेकू, मग बाकीचं. तुमच्या इमारतीला तसंही 30 वर्षं उलटली आहेत. मुंबई महापालिका अधिनियम 1888 च्या कलम 353 ब प्रमाणे स्ट्रक्चरल तपासणी करून प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते झालं नसेल तर पाण्याची तपासणी आणि ही तपासणी एकत्रच करा. एकाच दोरीवर, एकाच मचाणावर दोन्ही होतात.

तळमजल्याचा लोणा वेगळा धरा. पश्चिमेचे पाइप जमिनीपासून किती उंचीवर संपतात? फूट-दीड फूट वर उघडे सोडलेले असतील तर ते पाणी पेव्हर ब्लॉकवर आपटून जोत्यावर उडतं. शिवाय अनेक कंपाउंडमध्ये रस्ता उंचावला म्हणून वेळोवेळी भर टाकून पेव्हर बसवतात, आणि जोतं हळूहळू जमिनीच्या पातळीला येतं. मग भिंत खालून पाणी ओढते. आतल्या ओलीची वरची रेषा मोजा. जमिनीपासून साधारण मीटरभराच्या आत ती थांबत असेल तर पाणी खालून किंवा उडून येतं आहे. वरपर्यंत सलग असेल तर पाइप किंवा भिंतच संशयित. पाइपाचं तोंड वाकवून जाळीच्या चेंबरवर सोडा, चेंबरपासून गटारापर्यंत उतार द्या, आणि भिंतीलगतच्या मीटरभर पट्ट्याचा उतार इमारतीपासून बाहेर ठेवा. पाइप चेंबरला सीलबंद जोडू नका. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीला जोराचा पाऊस आला की गटारं समुद्रात रिकामी होत नाहीत, पाणी उलटं चेंबरमध्ये चढतं, आणि बंद जोडलेला पाइप खालून भरत जाऊन सांध्यांतून भिंतीवर पिचकाऱ्या मारतो. आणि पावसाचं पाणी मलनि:सारणाच्या चेंबरमध्ये तर अजिबात नको. मुंबईत दोन्ही लाइन वेगळ्या आहेत. ती जोडणी केली तर मुसळधार पावसात तळमजल्याच्या संडासातून पाणी वर येतं.

इथवरचा क्रम एकदा सांगतो, म्हणजे कमिटीत मांडायला बरं: या पावसाळ्यात नोंद, व्हिडिओ आणि नळीची चाचणी, पाऊस गेल्यावर, म्हणजे आपल्याकडे साधारण 8 ऑक्टोबरनंतर, पन्हळ, पाइप आणि खालचा निचरा, दिवाळीनंतर तडे, छज्जे, पॅरापेट, आणि भिंत वाळल्यावर, गरज उरलीच तर कोटिंग. मे महिन्यापर्यंत थांबू नका. तेव्हा सगळ्या मुंबईला एकाच वेळी कॉन्ट्रॅक्टर हवा असतो, आणि 11 जूनच्या आसपास पाऊस दारात येतो.

खर्च कोणी करायचा हा तुमच्या कमिटीतला खरा वाद दिसतो. गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची आहे. दुरुस्ती निधीसाठी दर वर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांच्या राखीव निधीसाठी, किमान 0.25 टक्के रक्कम जमा करायची तरतूदही त्यात आहे. शेड सोसायटीने टाकली, तिचं पाणी सोसायटीचं. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने स्वतःच्या भिंतीला आतून रंग लावत बसावं, हे नियमातही बसत नाही आणि न्यायातही नाही. बाथरूमची गळती निघाली तर ती मात्र ज्याच्या त्याच्या घराची.

कॉन्ट्रॅक्टरशी बोलताना दहा वर्षांच्या गॅरंटीच्या कागदाला फार महत्त्व देऊ नका. त्याच्याकडून लेखी घ्या: पन्हळीचं माप आणि उतार, पाइपांचा व्यास आणि संख्या, कोणत्या तड्याला कोणती पद्धत, आणि शेवटचं बिल पाणी सोडून तपासल्यावरच. पन्हळीची चाचणी म्हणजे सगळे पाइप बंद करून ती भरायची, जादा तोंडातून पाणी लांब पडतं का बघायचं, मग पाइप उघडून ती किती वेळात रिकामी होते ते बघायचं. गच्चीचा भाग दुरुस्त केला असेल तर तिथे 48 तास पाणी साठवून खालच्या छतावर नजर ठेवायची. जो कॉन्ट्रॅक्टर या चाचण्यांना कां-कूं करतो त्याला काम देऊ नका.

व्हिडिओ आणि शेडच्या कडेचे जवळून काढलेले दोन-तीन फोटो मिळाले की इथेच टाका. कडा पॅरापेटच्या आत आहे की बाहेर एवढं कळलं तरी तीनपैकी कोणता मार्ग घ्यावा, ते मी जास्त ठामपणे सांगू शकेन.